हँग म्हणजे टांगणे, अप म्हणजे वर

इंग्रजी भाषा लोक उगाच अवघड करून ठेवतात, असं सुमित्राबाईंचं ठाम मत होतं. त्यांनी स्वतः ती जवळजवळ पूर्ण शिकून टाकली होती, आणि तीही वाती वळता वळता!

त्यांची लेक जया दिवसा वर्धेजवळच्या पिपरी मेघेच्या एका इंग्रजी बालवाडीत शिकवायची आणि संध्याकाळी सिंदी मेघेतल्या आपल्याच घराच्या ओसरीत शिकवण्या घ्यायची. त्या वेळी सुमित्राबाई आत देवघराशी कापूस घेऊन बसत. हात वातींवर, ओठ नामावर आणि कान ओसरीवर! असं करता करता त्यांना इंग्रजीची गुरुकिल्लीच सापडली. शब्दजोडी आली की तिचे शेंगेसारखे दोन तुकडे करायचे, दोन्हीतले दाणे काढायचे आणि एकत्र करायचे. झालं! त्यातून 'अप' आणि 'डाउन' तर वर्धेच्या माणसाला शिकवावंच लागत नाही. अप गाडी, डाउन गाडी ऐकतच लहानाचे मोठे झालेले सगळे.

"मेक म्हंजे करनं, अप म्हंजे वर," त्या जयाला समजावत. "वरवर केलेलं असते, म्हनून त्याले मेकअप म्हनते!"

"आणि शट अप?" जया हसू दाबत विचारायची.

"शट म्हंजे बंद. तोंड बंद करून पाय बरं. खालचा जबडा वरच जाते का नाई?"

"आई, असे तुकडे करून नाई चालत वं! आता 'गिव्ह अप' घे. त्याचा अर्थ होते सोडून देणे."

"मंग बरोबरच हाये न! गिव्ह म्हंजे द्या, अप म्हंजे वर. वरच्याले नैवेद्य दिला का आपला हक्क सोडलाच!"

यावर जयानं गिव्ह अप केलं.

तर त्या गुरुवारी जयाच्या लग्नाचा निकाल लागायचा होता. स्थळ होतं सेलूचं. मुलाचं नाव धर्मेंद्र, गावात स्वतःचं कृषी केंद्र, माणूस शांत. पाहण्याचा कार्यक्रम झाला होता, पत्रिका जुळली होती. अडलं होतं ते एका माणसापाशी. मुलाचे मामा रूपराव! हे मामा सिकंदराबादेला रेल्वेत होते आणि निवृत्त होऊन तिथंच राहिले होते. सेलूच्या त्या घरात मामांना विचारल्याशिवाय पाटावरवंटासुद्धा जागचा हलत नसे. आणि मामा महत्त्वाचं काहीही बोलायचं झालं की इंग्रजीतच बोलत. त्यांच्या मते होकार मराठीत दिला तर त्याला वजन येत नाही. गुरुवारी संध्याकाळी ते परत सिकंदराबादेला निघणार होते. त्याआधी फोनवर काय ते कळवतो म्हणाले होते. नाही कळवलं, तर पुलगावची एक मुलगी त्यांच्या पाहण्यात होतीच.

त्या दिवशी बालवाडीत जाण्याआधी जयानं फोन ओल्या फडक्यानं पुसला, मग कोरड्या फडक्यानं पुसला आणि चप्पल घातल्यावर पुन्हा आत येऊन ओढणीनं पुसला. सुमित्राबाईंनी ते पाहिलं आणि दत्ताच्या तसबिरीकडे पाहून हात जोडले.

जयाच्या वडिलांचं, अण्णाजींचं, गावात भांड्यांचं दुकान होतं. निघताना त्यांनी बायकोला बजावलं.

"हे पाय, तू फोनपासून हलू नको. मामाजी इंग्रजीत बोलते. तू फक्त 'येस' म्हनजो."

"काऊन? मले समजते इंग्रजी."

"तुले समजते, त्याचंच तर भेव हाये!" म्हणून अण्णाजींनी स्कूटरला लाथ मारली.

गुरुवार म्हणजे सुमित्राबाईंचा दत्ताचा उपवास. त्याला जोडून त्यांचा एक नेम होता. गुरुवारी खोटं बोलायचं नाही! हा नेम त्यांच्यापेक्षा शेजाऱ्यांनाच जड जाई. समोरच्या मनकर्णाबाईंनी तर गुरुवारी नवी साडी नेसून यायचं कधीच बंद केलं होतं.

सुमित्राबाई पूजा आटोपून फोनसमोर पाट टाकून बसल्या आणि घंटी वाजली. पदर डोक्यावर घेऊन त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी उचलला.

"हॅलो! रूपराव स्पीकिंग!"

"येस!"

आतून असा खरखराट, जणू कोणी गरम तेलात मुठीनं मोहरी टाकली आहे!

"लाईन इज व्हेरी बॅड, मॅडम! प्लीज हँग अप!"

"येस?"

"हँग अप! हँग अप! आय विल कॉल अगेन!"

"येस! येस!"

तिकडून खट्टकन आवाज आला आणि मामा गेले. सुमित्राबाई रिसीव्हर हातात घेऊन उभ्या राहिल्या. 'कॉल अगेन' म्हणजे पुन्हा हाक मारीन, हे सरळच होतं. राहिलं 'हँग अप'. त्यांनी शेंग फोडली. हँग! जयाच्या कपाटात हँगर असते, त्याच्यावर कपडे टांगते. म्हणजे हँग म्हणजे टांगणे. अप म्हणजे वर. वर टांगून ठेवा, मी पुन्हा हाक मारतो!

आणि त्यात चूक ती काय? टीव्हीचं चित्र खराब आलं की अँटेना छपरावर आणखी उंच चढवतातच की! तसा फोन वर टांगला की आवाज साफ येत असणार. मामा रेल्वेतले, त्यांना तारांचं कळायचंच. शिवाय लग्नाच्या बोलण्यात वरपक्षानं सांगितलेलं हे पहिलं काम! ते मोडायचं?

भिंतीवर उंच एक खिळा होता, त्याला कॅलेंडर होतं. ते उतरलं. पण रिसीव्हर टांगायचा कसा? त्याला ना कडी ना कान. सुमित्राबाईंनी पूजेतला लाल-पिवळा नाडा आणला, रिसीव्हरच्या कमरेला गाठ मारली, स्टुलावर चढल्या आणि तो खिळ्याला टांगला. फोनची गुंडाळीची तार ताणून ताणून पार सरळ झाली, तेव्हा कुठं पुरली. खाली उतरून पाहिलं, तर दत्ताच्या तसबिरीच्या शेजारी रिसीव्हर असा शोभत होता, की त्यांना राहवेना. त्यांनी त्याला हळदकुंकू लावलं.

रिसीव्हरमधून 'टूं टूं टूं टूं' सुरू झालं होतं. त्या लयीवर सुमित्राबाईंनी माळ घेऊन जप सुरू केला. छान ताल लागला!

इकडे बाजारात अण्णाजींचा जीव पातेल्यात नव्हता की पराती​त नव्हता. ते शेजारच्या बंडूजींच्या एसटीडीच्या डब्यात शिरले आणि घरचा नंबर फिरवला. एंगेज!

"लागला वाटते मामाचा फोन," ते बंडूजींना म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा फिरवला. एंगेज! गिऱ्हाईकाला कुकर दाखवून पुन्हा आले. एंगेज! प्रत्येक एंगेजबरोबर अण्णाजींची छाती फुगत चालली.

"इतका वेळ 'नाई' म्हनाले लागते का हो, बंडूजी? 'नाई' एका शब्दात होते! हे मानपानावर गेले असतीन."

"वहिनी बोलून राह्यल्या? अन् मामा तर इंग्रजीवाले म्हनता न तुमी?"

"मंग! माही बायको इंग्रजीत बोलून राह्यली!" अण्णाजी इतक्या मोठ्यानं बोलले की पलीकडचा कापडवालाही बाहेर आला. पुढचा एंगेज लागला तेव्हा त्यांच्या हिशेबानं मांडव पडला होता. त्याच्या पुढच्या एंगेजला वरात निघाली होती. शेवटी त्यांना धीर धरवेना. त्यांनी पेढ्यांचा मोठा डबा आणला आणि दुकानाच्या ओळीत वाटायला सुरुवात केली. "जयाचं जमलं! सेलूले देल्ली पोरगी!"

आणि सेलूला? सेलूला रूपरावमामा नंबर फिरवून फिरवून बोट चोळत होते. एंगेज! वरपक्षाला 'येस, येस' म्हणून ही बाई दुसऱ्याच कोणाशी बोलत बसली होती! मामांच्या मनात आलं, हे दुसऱ्या स्थळाशी बोलताहेत. पुढच्या एंगेजला संशयाची खात्री झाली आणि त्याच्या पुढच्या एंगेजला मामांनी टोपी घातली. अशा लोकांना नकार फोनवर द्यायचा नसतो, तोंडावर द्यायचा असतो! मिळेल त्या गाडीनं ते वर्धेला निघाले.

सिंदी मेघेत तेव्हा मनकर्णाबाई भावाला फोन करायला आल्या होत्या. त्या बोलणार, इतक्यात सुमित्राबाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि खिळ्याकडे दाखवलं. मनकर्णाबाई वर पाहतच राहिल्या.

"अवं माय! कोन हाये त्याच्यात?" त्यांनी कुजबुजून विचारलं.

"वरपक्ष."

"टांगला काऊन?"

"त्यायनंच सांगितलं. आता पाय न, आतापर्यंत टूं टूं करत होता, आता एकदम चूप झाला. म्हंजे तिकडून कोनीतरी कान लावून बसलं हाये."

मनकर्णाबाईंचे डोळे चमकले. अशी संधी मुलीच्या आईला कधी मिळते का? वरपक्ष आयता कान लावून बसलाय! त्यांनी कमरेला पदर खोचला, रिसीव्हरखाली उभ्या राहिल्या आणि कीर्तनाच्या आवाजात सुरू झाल्या.

"काय वं सुमित्रा! तुया जयाच्या पोळ्या म्हंजे कशा कागदावानी पातळ!"

सुमित्राबाईंना नेम आठवला. गुरुवार!

"पातळ येते," त्या हळूच म्हणाल्या, "पन गोल नाई येत. परवाची तर जिल्ह्याच्या नकाशावानी आली होती. सेलू तालुका तेवढा जळला होता."

मनकर्णाबाईंनी त्यांना चिमटा काढला. "पन स्वभाव! स्वभावानं कशी गाय हाये गाय!"

"गायच हाये. फक्त सकाळी चहाच्या आधी कोनी बोलू नाई. अंगावर येते."

"गळा कित्ती गोड!"

"भजनात ती गाते तवा मी पेटीवाल्याले जरा जोरात वाजवाले सांगते."

"अवं ए!" मनकर्णाबाईंचा संयम संपला. "तू पोरगी देऊन राह्यली का परत घेऊन राह्यली? एक तरी गुन हाये का नाई त्या पोट्टीत?"

"हाये न!" सुमित्राबाईंनी हातातली माळ खाली ठेवली. "तिच्या पोटात पाप नाई वं, मनकर्णाबाई. आता त्या दिवशी पाहाले आले होते, तवा घाबरून पोह्यात मिरची दुप्पट पडली तिच्या हातून. बाकीच्यायनं बशा बाजूले ठेवल्या. त्या पोरानं सगळे खाल्ले. डोळ्यातून पानी, नाकातून पानी, पन शब्द नाई काढला! आत येऊन ती मले म्हने, 'आई, असा मानूस होते का वं?' तवापासून रोज फोन पुसून राह्यली. आज तर तीनदा पुसला. फोन नाई आला न, मनकर्णाबाई, तर ती काई बोलनार नाई. पन मले तिच्याकडे पाहवनार नाई."

"व्हॉट इज धिस?" एकदम आवाज घुमला. "सकाळपासून एंगेज! एंगेज! एंगेज!"

सुमित्राबाईंनी झटकन पदर डोक्यावर ओढला, स्टुलावर चढल्या आणि रिसीव्हरला तोंड लावलं.

"हॅलो मामाजी! आवाज आता एकदम साफ येऊन राह्यला!"

"मॅडम! आय ॲम हिअर! इकडे!"

सुमित्राबाईंनी वळून पाहिलं. दारात टोपी घातलेले, घामाघूम रूपरावमामा उभे होते. दार उघडंच होतं आणि ते तिथं किती वेळचे उभे होते देव जाणे! मनकर्णाबाईंनी प्रसंग ओळखून देवघराच्या आडोशाला स्वतःला घडी घालून ठेवलं.

"मामाजी, तुमी कायले तरास घेतला? मी तुमच्या हाकेचीच वाट पाहून राह्यली होती. सांगितलं तसा टांगून ठेवला."

मामांनी वर पाहिलं. लाल-पिवळ्या नाड्यानं बांधलेला, हळदकुंकू ल्यालेला रिसीव्हर दत्तगुरूंच्या शेजारी मंद मंद झुलत होता.

"आय टोल्ड यू टू हँग अप!" मामा ओरडले.

"मंग हँगच केला न!" सुमित्राबाईंना आता रडू यायचं बाकी होतं. "अन् अपच केला. याच्यापेक्षा वर आमच्याकडे खिळा नाई!"

रेल्वेच्या उभ्या नोकरीत मामांच्या इंग्रजीचं इतकं तंतोतंत पालन कोणी केलं नव्हतं. आता रागवायचं तरी कशावर? ते खुर्चीवर बसले, टोपी काढली आणि म्हणाले, "मॅडम, हँग अप मीन्स—"

त्याच क्षणी स्कूटर थांबली आणि अण्णाजी उघडा डबा घेऊनच आत घुसले. खुर्चीत प्रत्यक्ष मामा पाहून त्यांच्या आनंदाला पारावार राहिला नाही.

"अरे व्वा! फोनवर बोलून मन नाई भरलं, म्हनून खुद्द आले! तोंड गोड करा, मामाजी!" आणि मामांच्या उघड्या तोंडात त्यांनी पेढा कोंबला. अर्थ आतच राहिला!

"साऱ्या बाजारात वाटले पेढे!" अण्णाजी सांगतच होते. "बंडूजीले देल्ले, कापडवाल्याले देल्ले, पोस्टमन चाल्ला होता त्याले थांबवून देल्ला. साऱ्यायले सांगितलं, जयाचं जमलं!"

बाजारभर पेढे वाटून झाले आणि रागानं आलेला माणूस समोर बसलेला! आता हा माणूस 'नो' म्हणाला, तर उद्या जया बालवाडीत कोणत्या तोंडानं जाईल? सुमित्राबाईंनी दत्ताकडे पाहिलं. मधे रिसीव्हर झुलत होता.

मामा चावत होते. पेढा मोठा होता. सगळे मामांच्या जबड्याकडे पाहत होते, तो खाली जात होता आणि वर येत होता. शेवटी त्यांनी गिळला, पाण्याचा घोट घेतला आणि गंभीरपणे म्हणाले, "आय केम टू से नो."

अण्णाजींच्या हातातला डबा कलंडला. "नो? मंग तुमी बोलले काय इतका वेळ?"

"कोनी बोललंच नाई!" सुमित्राबाईंनी वरच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. अण्णाजींनी पाहिलं आणि सकाळपासूनचे सगळे एंगेज त्यांच्या डोक्यात एकदमच वाजले. ते पाटावर बसले.

"लेट मी फिनिश!" मामा म्हणाले. "मी या दारात बराच वेळ उभा होतो. आजपर्यंत पुष्कळ मुली पाहिल्या. एकाही आईनं मला सांगितलं नाही, की पोळीत आमचा तालुका जळाला." त्यांची मिशी हलली. "आणि ते पोहे मीसुद्धा बाजूला ठेवले होते, मॅडम. आमच्या धर्मेंद्रनं घरी येऊन दूध मागितलं, लिटरभर प्याला आणि म्हणाला, मामा, मुलगी पसंत आहे. मी म्हणालो, विचार करू. नाऊ नो विचार! इट इज येस!"

"येस!" देवघराच्या आडून मनकर्णाबाईच ओरडल्या.

मग पुन्हा पेढे झाले. उपवास म्हणून सुमित्राबाईंनी आपला पेढा दत्तापुढे ठेवला. मामांनी उठून नाड्याची गाठ सोडली आणि रिसीव्हर जागेवर ठेवत शिक्षकाच्या सुरात सांगितलं, "मॅडम, धिस इज हँग अप! ठेवणे. नुसतं खाली ठेवणे."

"खाली?" सुमित्राबाई थक्क झाल्या. "मंग अप कायले म्हनते?"

याचं उत्तर मामांना द्यावं लागलं नाही, कारण रिसीव्हर टेकतो न टेकतो तोच घंटी वाजली आणि त्याच वेळी बालवाडीतून आलेली जया पिशवीसकट आत आली. सगळ्यांना एकदम पाहून ती दचकली, पण हात सवयीनं फोनकडे गेला.

"हॅलो?... कोण?... अय्या!"

तो सेलूहून धर्मेंद्र होता. तोही कृषी केंद्रातून सकाळपासून नंबर फिरवत होता म्हणे. जया भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि ती सरळ झालेली तार बोटाभोवती गुंडाळत "हं... हो... नाही हो..." करू लागली. सगळे कौतुकानं पाहत होते. चहा झाला. दुसरा चहा झाला. मामा घड्याळ पाहू लागले. बहिणीला सेलूला फोन करून 'येस' अधिकृतपणे कळवायचा होता आणि संध्याकाळची गाडीही गाठायची होती. पण फोन तर जयाकडे!

"बरं, ठेवते मी," जया शेवटी म्हणाली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

"नाही, तुम्ही ठेवा आधी... मी नाही, तुम्ही... अहो, ठेवा न!... बरं, दोघंही ठेवू... तुम्ही ठेवलाच नाही!"

"हँग अप, माय चाइल्ड!" मामा म्हणाले. जयाला ऐकूच गेलं नाही. "प्लीज हँग अप!" काही नाही. शेवटी मामांचं इंग्रजी संपलं. "अवं पोरी, ठेव न वं आता! माही गाडी चुकते!"

"तुम्ही ठेवा न आधी," जया फोनमध्ये म्हणत होती.

सुमित्राबाईंनी मामांपुढे तिसरा चहा ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "मामाजी, मले तरी अर्थ मालूम नव्हता. या दोघायले मालूम हाये, तरी कुठं ठेवून राह्यले!"